पाण्यात बघणाऱ्या बाई

शिशुवर्गात एक निळा टब होता आणि टबामागे एक बाई होत्या. वर्गात येणाऱ्या पाहुण्याला आधी टब दिसे, मग बाई. हा क्रम बाईंना मान्य होता. मान्य नव्हता तो मावशींना. टबातलं पाणी दुपारपर्यंत टबात कमी आणि फरशीवर जास्त असे, आणि फरशी पुसण्याचं काम मावशींकडे होतं.

‘पाणीबाई’ हे नाव मावशींनीच ठेवलेलं. ते त्यांनी वैतागून ठेवलं होतं. पण शाळेत एकदा नाव पडलं की ते कुणी कोणत्या भावनेने ठेवलं याची चौकशी होत नाही. पालक, कार्यालयातले कारकून, गेटवरचा रखवालदार, सगळे आदराने पाणीबाई म्हणू लागले. मावशींना वाटलं, आपला वैताग फुकटच गेला.

बाईंचं आणि पाण्याचं प्रकरण तसं जुनं. लहानपणी त्या नळाखाली बादली लावून बघत बसत. तोटीपाशी जाडसर असलेली धार खाली येता येता बारीक होते, ती का? आईला विचारलं. आई म्हणाली, “तू बघत बसतेस म्हणून.” तेवढ्यात बादली भरून वाहू लागली होती, त्यामुळे उत्तराची शहानिशा राहून गेली. पुढे कॉलेजात शास्त्रशुद्ध उत्तर मिळालं, सूत्रासकट मिळालं. पण आईचं उत्तर त्यांना कधीच पुरतं चूक वाटलं नाही. बघण्याने काहीतरी होतं, एवढं त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

शिशुवर्गात त्या हौसेने आलेल्या नव्हत्या. वरच्या वर्गांना विज्ञान शिकवण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. व्याख्या, व्याख्येखाली रेघ, रेघेखाली आकृती. मुलं सगळं पाठ करत, पेपरात ओतत आणि रिकामी होऊन घरी जात. बाईंना त्यात काही गैर वाटत नव्हतं. निकाल उत्तम लागत होते. मग एका वर्षी वरच्या वर्गाची एक तुकडी कमी झाली आणि बाई जास्त झाल्या. जास्त झालेल्या माणसाला शाळेत जिथे जागा असेल तिथे ठेवतात. जागा शिशुवर्गात होती.

सहकारी भेटायला आले ते घरात काही वाईट घडल्यासारखे, आवाज खाली ठेवून. एकीने तर “सांभाळ गं स्वतःला” असंही म्हटलं. बाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि संध्याकाळी नवऱ्याजवळ येऊन बसल्या. नवऱ्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. घराच्या पुढच्याच खोलीत. तो एका रेडिओचं पोट उघडून बसला होता.

“तिथे शिकवायचं काय हो? नाकं पुसायची नुसती,” बाई म्हणाल्या.

“मग विज्ञानाने पूस,” तो म्हणाला. मान वर केली नाही. सोल्डरिंग करताना तो मान वर करत नसे, मग बाहेर काहीही होवो.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी वर्गात एक मोठं भांडं पाण्याने भरलं, त्यावर कागदाला लावायची क्लिप अलगद ठेवली. क्लिप तरंगली. मुलं टाचा उंचावून बघू लागली. एका मुलाने विचारलं, “का नाही बुडत?”

बाईंच्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीने निघून गेलं, “पृष्ठताणामुळे.”

“ताण म्हणजे आईला येतो तो?”

“तसा नाही... म्हणजे पाण्याच्या वरच्या भागावर एक प्रकारचा ताण असतो.”

मुलाने पाण्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “मग त्याला जरा झोपू दे ना,” तो म्हणाला, आणि आई बाळाला थोपटते तसं त्याने पाण्याला थोपटलं. क्लिप बुडाली.

“झोपलं,” तो म्हणाला.

बाई त्या दिवशी घरी आल्या त्या हसत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. नवऱ्याने एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि नाइलाजाने सोल्डरिंग थांबवलं. “काय झालं?”

“आज एकाने मला दाखवलं, की मला जे माहीत आहे ते मला सांगता येत नाही.”

“मग सांगू नको,” तो म्हणाला. “त्यांनाच करू दे. माझ्या शिकाऊ पोराला मी काही सांगतो का? झटका बसला की त्याचं त्याला कळतं.”

झटक्याचा भाग वगळून बाईंनी सल्ला मानला. वर्गात निळा टब आला. स्वतःसाठी त्यांनी नियम केला: जो शब्द कपाने ओतून दाखवता येत नाही, तो या खोलीत बोलायचा नाही. टबाशेजारच्या फळीवर घरातून निघणाऱ्या वस्तू जमू लागल्या. बूच, किल्ल्या, नरसाळं, चहाची जुनी गाळणी, स्पंज, बटाटा, मेणबत्तीचे तुकडे, औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर. एका बाटलीला तळाशी बारीक भोक होतं. बाटली भरून झाकण घट्ट लावलं की भोकातून थेंबही येत नसे; झाकण सैल केलं की धार लागे. एका मुलीच्या मते झाकण लावल्यावर आत अंधार होतो आणि पाण्याला दार सापडत नाही. बाटली पारदर्शक होती, पण बाई काही बोलल्या नाहीत. काही दिवसांनी त्याच मुलीने स्वतःच हरकत घेतली, “पण आत तर उजेडच आहे.” त्या दिवशी बाईंनी घरी आल्यावर स्वतःसाठी जास्तीचा चहा टाकला.

संत्र्याचा प्रयोग सगळ्यांचा लाडका. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं संत्रं बुडतं. असं का, यावर वर्गात बराच खल झाला आणि अखेर बहुमताने ठरलं की कपडे काढल्यामुळे ते लाजून खाली गेलं. मोठ्या वर्गातल्या कुणी हे उत्तर लिहिलं असतं तर बाईंनी त्यावर लाल रेघ मारली असती. इथे त्यांनी फक्त विचारलं, “मग नुसती साल टाकली तर?” साल तरंगली. खोलीत विचारमग्न शांतता पसरली. शिशुवर्गात असली शांतता सहसा कुणीतरी काहीतरी गिळल्यावरच पसरते.

कामाची रीत ठरलेली होती. वस्तू हातात घ्यायची, बाई विचारणार, “बुडेल की तरंगेल?” मुलाने अंदाज सांगायचा आणि मग टाकून बघायचं. अंदाज बरोबर आला की चूक, याला किंमत नव्हती. अंदाज सांगितला याला होती. आणि ज्याने सांगितला त्याला बक्षीस मिळे. बक्षीस म्हणजे बरणी. गोल, गुळगुळीत, पाण्याने काठोकाठ भरलेली. बाई ती स्वतःच्या तोंडासमोर धरत आणि तिच्यातून त्या मुलाकडे बघत. समोरून बाईंचा चेहरा परातीएवढा रुंद दिसे, नाक गालावर पसरे, एक डोळा सगळी बरणी व्यापून टाके. मूल किंचाळे, हसे, आणि बरणीला नाक लावून उलटं बाईंकडे बघे. याला वर्गात नाव पडलं होतं, ‘पाण्यात बघणं’.

“बाई, मी सांगितलं बुडेल! मला पाण्यात बघा!”

“बाई, त्याला दोनदा पाण्यात बघितलंत!”

आता इथे भाषेबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे. मराठीने पाण्याला फार कामाला लावलं आहे. ते मनसुब्यांवर पडतं, कुठेतरी मुरतं, तोंडचं पळतं, आणि माणूस नवा भेटला की त्याचं जोखलंही जातं. त्यातच ‘पाण्यात पाहणं’ हे एक. एखाद्याबद्दल मनात अढी धरणं, त्याचं बरं न बघवणं. बाईंना हा वाक्प्रचार अर्थातच माहीत होता. पण रोज सकाळपासून दुपारपर्यंत पोरांना खरोखरच पाण्यात बघत राहिल्यावर, तो दुसरा अर्थ त्यांच्या डोक्यातून साफ धुऊन निघाला होता. डोळ्यांवरच्या चष्म्याला ज्याप्रमाणे आपण विसरतो, तसंच.

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या टबाच्या विरोधात होत्या असं म्हणता येणार नाही. त्या कोरडेपणाच्या बाजूने होत्या. मुलं ओल्या बाह्यांनी घरी जात, पालक फोन करत, “आम्ही कोरडा पाठवला होता” असं म्हणत, आणि मोठ्या बाई प्रत्येक फोननंतर शिशुवर्गाच्या दारात येऊन उभ्या राहत. गेल्या फोननंतर त्या दारातूनच म्हणाल्या होत्या, “बाई, मी तुमच्या कामाचा आदर करते. पण आता आणखी एक तक्रार आली, की टब माळ्यावर. मग मला वाईट वाटलं तरी चालेल.”

त्यानंतर बाईंनी घरून जुने टॉवेल आणले, मुलांच्या बाह्या रबराने वर बांधल्या आणि मावशींऐवजी स्वतः फरशी पुसू लागल्या. मावशी म्हणाल्या, “बाई, माझं काम घेऊ नका, मला मग शिव्या कुणाला द्यायच्या?” पण फडकं त्यांनी परत मागितलं नाही.

तक्रार आली ती ओल्या बाह्यांची नव्हती.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर काही नव्हतं. मोठ्या बाई गंभीर असल्या की टेबल आवरून ठेवत.

“बसा. मला हे विचारताना अवघड होतंय,” त्या म्हणाल्या. “एका मुलीचे आजोबा येऊन गेले. फार संतापले होते. त्यांचं म्हणणं, तुम्ही मुलांना पाण्यात पाहता.”

“हो,” बाई म्हणाल्या. “रोज.”

मोठ्या बाईंच्या बोटांत फिरणारं पेन थांबलं. “रोज?”

“रोज म्हणजे, वेळ मिळेल तसं. एका दिवसात सगळ्यांना नाही जमत.”

“सगळ्यांना?”

“शक्यतो. काहींना जास्त, खोटं कशाला बोलू. काही मुलं मागेच लागतात.”

“मागे लागतात,” मोठ्या बाई पुटपुटल्या. “आणि मुलांना काय वाटतं याचा तुम्ही कधी...”

“आवडतं त्यांना! एक दिवस नाही बघितलं तर रुसतात.” मोठ्या बाईंचा चेहरा बघून त्यांना वाटलं, यांना कल्पना स्पष्ट झालेली नाही. “तुम्ही एकदा वर्गात या ना. तुम्हालाही बघते.”

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. “उद्या सकाळी ते आजोबा येताहेत,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. “नातीला या शाळेतून काढायचं की नाही ते तेव्हा ठरवतील. टबाचंही तेव्हाच बघू. तोवर टब माळ्यावर ठेवा. आणि बाई, घरी जाऊन जरा शांतपणे विचार करा.”

बाईंनी टब रिकामा केला. मावशींनी तो माळ्यावर चढवला आणि खाली उतरून म्हणाल्या, “गेला एकदाचा.” मग जरा वेळाने, “कोरडी फरशी कशी भकास दिसते हो.”

घरी आल्यावर बाईंनी घडलेलं सगळं नवऱ्याला सांगितलं. कोण काय म्हणालं, आपण काय म्हणालो. तो एका टीव्हीच्या मागे होता. आधी टीव्हीच्या मागून काहीच आवाज आला नाही. मग टीव्ही हलायला लागला. मग तो बाहेर आला तो डोळे पुसतच.

“हसताय काय?”

“तू मोठ्या बाईंना म्हणालीस, ‘तुम्हालाही बघते’?”

“मग? बरणी... ” बाई थांबल्या. हात तोंडावर गेला. “अगं बाई!”

“आता कळलं!”

“अहो, मी ‘काहींना जास्त’ असंही म्हणाले!”

नवरा पुन्हा टीव्हीमागे गेला, कारण समोर राहून हसणं बरं दिसलं नसतं. बाईही हसल्या. मग त्यांना हायसं वाटलं. म्हणजे तक्रार अशी काही नव्हतीच. एका शब्दाचा घोटाळा होता. सकाळी बरणी दाखवली की सगळा उलगडा होईल आणि टब खाली येईल.

“पण आहे कोण ती? कुणाची नात?” नवऱ्याने विचारलं.

“ती हो... आपली ती खिडकीजवळ बसते ती.”

“मला काय माहीत खिडकीजवळ कोण बसतं? दिसते कशी?”

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. बाटलीतल्या पाण्याला दार सापडत नाही म्हणणारी मुलगी त्यांना दिसत होती, तिच्या पडलेल्या दातासकट. पाण्याला थोपटणारा मुलगा कधीच मोठ्या शाळेत गेला होता, तरी त्याच्या शर्टाची गळालेली बटणं त्यांना आठवत होती. खिडकीजवळ मात्र त्यांना खिडकीच दिसली.

“शांत आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्रास नाही काही तिचा.”

नवऱ्याने नुसतं “हं” केलं. बंद पडलेला रेडिओ घेऊन येणारी माणसंही असंच सांगत, इतकी वर्षं काही त्रास नव्हता म्हणून. पण हे तो बोलला नाही.

सकाळी आजोबा आले ते इस्त्रीच्या शर्टात. एका छापखान्यात त्यांची उभी हयात मुद्रितं तपासण्यात गेली होती. पुस्तकं छापून जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जात, आणि ऱ्हस्वाच्या जागी पडलेला दीर्घ ते दाराआडूनही ओळखत, असं त्यांच्याबद्दल म्हणत. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे घरातल्यांचं बोलणं तपासत. मुलगी आणि जावई दोघंही दिवसभर कामावर, नात आजोबांकडे. तीच आता त्यांचं बोट धरून उभी होती. दोन वेण्या, एक घट्ट, एक सैल. बाईंनी वेण्या नीट बघून घेतल्या.

मोठ्यांसाठीच्या खुर्च्या शिशुवर्गात नसतात. आजोबा लहान खुर्चीवर बसले, त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले, आणि त्या अवस्थेतही त्यांनी आब सोडला नाही.

“बाई, मी शब्दाचा माणूस आहे,” त्यांनी सुरुवात केली. “मूल खोटं बोलू शकतं, पण वाक्प्रचार अचूक वापरून खोटं बोलणार नाही. परवा ही जेवेना. मी विचारलं, काय झालं? तर हुंदके देत म्हणाली, ‘बाई सगळ्यांना पाण्यात बघतात.’ एवढ्या वयाच्या मुलीला हा शब्दप्रयोग सुचावा, म्हणजे अनुभव किती खोल असला पाहिजे! मी तेवढ्यावर उठलो आणि चपला घातल्या.”

“आणि इकडे त्यांनी ते कबूलही केलं,” मोठ्या बाई दुःखाने म्हणाल्या.

बाईंनी काही न बोलता फळीवरची बरणी घेतली, नळापाशी जाऊन काठोकाठ भरली, तोंडासमोर धरली आणि आजोबांकडे वळल्या.

आजोबांना समोर एक अवाढव्य डोळा दिसला. तो मिचकावला.

 मग आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि डोळा अजून तिथेच आहे याची खात्री करून घेतली.

“म्हणजे हे... शब्दशः?”

“शब्दशः,” बाई बरणीमागून म्हणाल्या.

“अरे देवा,” आजोबा म्हणाले. “जन्मभर मी लेखकांना सांगत आलो, वाक्प्रचार शब्दशः घेऊ नका. शब्दशः असलेलं वाक्य वाक्प्रचार म्हणून घेऊ नका, हे मला सांगायला कुणी नव्हतं.”

मोठ्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला होता. त्यांचे खांदे हलत होते. “तुम्हालाही बघते, म्हणालात मला!” त्या कशाबशा बोलल्या. “मी रात्रभर... जाऊ दे. मावशी, टब खाली घ्या.”

“कालच वर टाकला होता की,” दारातून मावशी म्हणाल्या; पण शिडीकडे निघाल्याही.

तिथे गोष्ट संपली असती. सगळ्यांना तेच हवं होतं, बाईंना सगळ्यांत जास्त. पण आजोबांचं बोट धरून उभी असलेली नात म्हणाली, “पण मला नाही.”

“काय तुला नाही, भिंगरी?” आजोबांनी विचारलं.

भिंगरी! बाईंनी चमकून बघितलं. या मुलीला भिंगरी म्हणतात?

“बाई सगळ्यांना पाण्यात बघतात,” ती म्हणाली. “मला नाही बघत. मी परवा पण सांगत होते. तुम्ही चपला घालायला गेलात.”

आजोबांचा चेहरा पडला. ओळ पुरी न वाचता त्यांनी पान पुढे सोडलं होतं. त्यांच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही, आणि तो त्यांच्या हातून घरच्याच मजकुरात झाला होता.

“राहिलं असेल गं चुकून,” मोठ्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “एवढी मुलं असतात. हो ना बाई?”

वाट मोकळी होती. “हो” म्हटलं की झालं. मावशींनी टब माळ्याच्या कडेपर्यंत ओढूनही आणला होता; वर खरखर ऐकू येत होती. बाईंनी बरणी खाली ठेवली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “चुकून नाही राहिलं.”

मोठ्या बाईंचा रुमाल खाली आला.

“मी प्रत्येकाला विचारते, बुडेल की तरंगेल. जो अंदाज सांगतो त्याला बरणी. ही दर वेळी म्हणते, ‘माहीत नाही.’ सुरुवातीला मी थांबत असे. मग थांबेनाशी झाले. पुढचा मुलगा ‘बुडेल, बुडेल’ म्हणून उड्या मारत असतो, तिकडे वळणं सोपं पडतं. मग मग तर मी हिला विचारायचंच सोडलं.” “काल घरी यांनी विचारलं, दिसते कशी? मला सांगता आलं नाही.”

वरून मावशींचा आवाज आला, “उतरवू का नको?”

“थांबा जरा!” मोठ्या बाई वर बघत म्हणाल्या. मग आजोबांकडे वळल्या. “पण हिला येतं ना बोलता? घरी?”

“बोलता येतं?” आजोबा म्हणाले. “घरी झोपेतसुद्धा थांबत नाही. म्हणून तर भिंगरी.”

बाई भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसल्या. विचारायचा प्रश्न त्यांना इतका सोपा कधीच वाटला नव्हता आणि विचारायला इतका जड कधीच गेला नव्हता. “मग वर्गात का म्हणतेस गं, माहीत नाही?”

भिंगरीने त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं. “अजून टाकलंच नसतं ना पाण्यात,” ती म्हणाली. “टाकल्याशिवाय कसं माहीत असेल?”

वरच्या वर्गांना शिकवत होत्या तेव्हा दरवर्षी पहिल्या तासाला बाई फळ्यावर लिहीत, की ‘मला माहीत नाही’ हे विज्ञानाचं पहिलं वाक्य आहे. मुलं ते उतरवून घेत आणि खाली रेघ मारत. बाईंनीही मारली होती. आता ते वाक्य समोर दोन वेण्या घालून उभं होतं, आणि इतके महिने त्या त्याला ओलांडून ‘बुडेल, बुडेल’कडे जात होत्या. त्यांना उड्या मारणारी मुलं आवडत, हे खरं कारण. विज्ञानाचा त्यात काही संबंध नव्हता.

मोठ्या बाई म्हणजे कागदपत्रांचा माणूस. त्यांना आता वेगळीच अडचण दिसली. “मग तक्रार खरी धरायची की खोटी?”

“खरी,” बाई म्हणाल्या. “अर्थ चुकीचा लागला होता. तक्रार खरीच आहे.” आणि सांगायचं ते पुरतं सांगायचं असं ठरवलं होतं म्हणून पुढे म्हणाल्या, “तुम्ही म्हणाला होता, आणखी एक तक्रार आली की टब माळ्यावर. ते मी विसरलेले नाही.”

मोठ्या बाईंनी माळ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. त्यांनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मागे घेणं त्यांना ओल्या फरशीपेक्षाही नावडतं होतं. शेवटी आजोबा त्या लहानशा खुर्चीतून, हातांचा आधार घेत, टप्प्याटप्प्याने उठले.

“तक्रार माझी आहे, तिचं मुद्रित मीच दुरुस्त करतो,” ते म्हणाले. “बाई मुलांना पाण्यात बघतात, ही माझी तक्रार नव्हे. बाई माझ्या नातीला पाण्यात बघत नाहीत, ही आहे. टब माळ्यावर टाकलात तर माझी तक्रार सुटणार कशी?”

“म्हणजे बाईंनी तुमच्या नातीला पाण्यात पाहावं, अशी तुमची मागणी आहे?” मोठ्या बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता.

“रोज,” आजोबा म्हणाले. “आणि शक्य झाल्यास जास्त.”

“मावशी,” मोठ्या बाई वर बघून म्हणाल्या, “उतरवा.”

“आधी ठरवत जा ना,” असं म्हणत मावशींनी टब खाली दिला, आणि कुणी न सांगता फडकंही घेऊन आल्या.

मोठ्या बाई आपल्या खोलीत गेल्या. आजोबा दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. या वेळी ओळ शेवटपर्यंत वाचायची असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. बाकीची मुलं यायला अजून अवकाश होता. बाईंनी टब भरला. फळीवरून एक संत्रं आणलं आणि भिंगरीच्या हातात दिलं. प्रश्न विचारला नाही. भिंगरीने ते दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं आणि हात काढून घेतले. ते तरंगलं. तिने त्याला बोटाने खाली दाबलं. ते पुन्हा वर आलं. असं तिने कितीतरी वेळा केलं. बाई बघत राहिल्या. एरवी एव्हाना त्यांनी संत्रं पुढच्या मुलाला दिलं असतं.

“तरंगतं,” भिंगरी शेवटी म्हणाली. “आता माहीत आहे.”

बाईंनी बरणी उचलली. पण भिंगरीने हात पुढे केले. “मी धरते.”

बरणी जड होती. भिंगरीने ती पोटाशी धरून आणली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली, बाईंना पलीकडे बसवलं, आणि आपण अलीकडून नाक लावलं. एक डोळा मोठा झाला. आधी बाईंना हसू आलं. मग ते ओसरलं, कारण पलीकडची मुलगी हसत नव्हती, किंचाळत नव्हती. ती बघत होती.

“तुम्ही मागे जा,” ती म्हणाली. बाई मागे सरकल्या.

“आता इकडे व्हा.” बाई डावीकडे झाल्या.

“इकडे झालात तरी तिकडे जाता!” भिंगरी म्हणाली. “परत व्हा.”

बाई परत झाल्या. घशाशी एक लांबलचक शास्त्रीय शब्द येऊन थांबला होता. कपाने ओतता येण्यासारखा नव्हता. त्यांनी तो गिळला आणि मुकाट्याने सांगितलं तसं करत राहिल्या. इकडे, तिकडे, मागे, पुढे. इतक्या पोरांना त्यांनी पाण्यात बघितलं होतं, पण इतका वेळ आपल्याला कुणी बघितल्याचं त्यांना आठवेना. गुडघे दुखू लागले. नळाखालच्या धारेसारखं आपण हळूहळू बारीक होत चाललोय, असं त्यांना वाटलं, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही.

बाहेर मुलांचा गलबला ऐकू येऊ लागला. मावशी दारात फडकं घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी आजोबा.

“अगं, अजून किती वेळ बघणार आहेस बाईंना?” आजोबांनी विचारलं.

“माहीत नाही,” बरणीमागून उत्तर आलं.

बाई जागच्या हलल्या नाहीत.